हत्तीच्या दातात कोरलेला गुड फ्रायडे

हस्तिदंती वस्तूंना सर्रास 'हाडाचं कोरीवकाम' म्हटलं जातं आणि मला ते दरवेळी खटकतं. आपली म्हण जास्त अचूक आहे: हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. सुळा हा खरोखरच दात, वरच्या जबड्यातली पटाशी, आयुष्यभर वाढत राहणारी. हाड आणि दात यांतला फरक किती मोलाचा, हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या 'मॅस्केल' फलकांत दिसतं.

हे चार फलक मूळच्या एका पेटीच्या बाजू. रोममध्ये इ. स. 420 ते 430च्या सुमारास कोरलेले, प्रत्येकी जेमतेम 10 सेंटिमीटर रुंद. बायबलच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा त्यांवर उलगडते: हात धुणारा रोमन सुभेदार पिलात, क्रूस वाहणारा येशू, कोंबड्याखाली बसून येशूला नाकारणारा शिष्य पेत्र, मग वधस्तंभ, मग रिकामी कबर, शेवटी शंकेखोर शिष्य थोमा.

माझा जीव अडकतो दुसऱ्या फलकात. डावीकडे येशूला दगा देणाऱ्या शिष्याने, यहूदाने, गळफास घेतलाय. त्याच्या भाराने फांदी वाकलीय, पायाशी थैलीतून नाणी सांडलीत, झाडावर पक्षी पिलांना भरवतोय. शेजारी क्रुसावर येशू. डोळे सताड उघडे, अंग ताठ. लोंबणारं वजन यहूदाचं. येशूच्या देहाला जणू वजनच नाही. वधस्तंभाच्या प्रसंगाचं हे आज उरलेल्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक.

या आकृती फलकाच्या पाठीपासून इतक्या सुटून आल्यात की बारीक हातपाय तुटायला हवे होते. का तुटले नाहीत?

हाडातून रक्तवाहिन्यांच्या नळ्या जातात. कापलेल्या हाडावर त्यांचे काळसर ठिपके दिसतात. सुळा ज्याचा बनतो त्या दंतिनात, म्हणजे दाताच्या मुख्य पदार्थात, रक्तवाहिन्या नसतातच. ते घडवणाऱ्या पेशी आतल्या पोकळीच्या कडेला ओळीने बसतात आणि थर रचत आत सरकतात. मागे उरते प्रत्येकीची एक सूक्ष्म नलिका, साधारण एक-दोन सहस्रांश मिलिमीटर जाडीची. म्हणून सुळा म्हणजे एकात एक बसवलेल्या शंकूंची चळत. नलिका नागमोडी जात असल्याने आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषा उमटतात, त्या श्रेगर रेषा. बाहेरच्या भागात त्यांचा कोन मॅमथमध्ये लघु, हत्तीत विशाल; यावरूनच दोन्ही ओळखतात. पदार्थ मात्र दुहेरी: हायड्रॉक्सिअपटाइट या खनिजाचे स्फटिक कठीणपणा देतात, कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू पुढे सरकणारी भेग अडवतात. लाकूड रेषेत फाटतं; इथे छिन्नी जवळजवळ कुठल्याही दिशेला वळवता येते. दमटपणा कमीजास्त झाला की मात्र थरांच्या रेषेत तडे जातात.

गोव्यातल्या कारागिरांनीही सतराव्या शतकात याच दंतिनात मेंढपाळ बाळ येशू कोरला.

आणि हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी 'संरक्षक' म्हणून विकणाऱ्यांना एकच सांगणं: तो केस म्हणजे केराटिन, आपल्या नखात असतं तेच. त्याने कुणाचं रक्षण होत नाही, हत्तीचं तर मुळीच नाही.

पुन्हा त्या दुसऱ्या फलकाकडे. उजवीकडे एक रोमन सैनिक येशूच्या कुशीवर वार करतोय. त्याच्या हातातला भाला फार बारीक असणार, तो तुटून गेलाय. हात अजून उगारलेलाच आहे.