पद्मिनीचा डॅशबोर्ड कापू नका रे!

जुन्या प्रीमियर पद्मिनीत भारी साउंड हवा तर डॅशबोर्ड कापावाच लागतो, ही थाप कित्येक वर्षं फिरतेय. साफ चूक. आता डब्याएवढा ब्लूटूथ अँप्लिफायर मिळतो, तो सीटखाली ढकलायचा, स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीत आणि वरून जुन्याच रंगाचं कापड, मूळ रेडिओ जागेवर नुसता शोभेला, गाणी मोबाईलवरून. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही.

अँप्लिफायर लावला की बॅटरी उतरते म्हणतात त्यात मात्र थोडं तथ्य आहे, कारण गाडीत बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनामो असेल तर सिग्नलला आयडलवर तो धड चार्जच करत नाही, त्याच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे आयडलवरही चार्ज करणारा नवा जनरेटर, बसवला की प्रश्न मिटला. आणि अँप्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच, गाडीच्या जुन्या वायरिंगवर भार टाकलात तर आधी धूर मग गाणं.