सहाचे दोन कुठे झाले?

पाच स्पीकर आणि एक सबवूफर मांडून झालेत, डिस्क चांगली महागाची आहे, रिसीव्हर (सगळ्या उपकरणांचा आवाज घेऊन स्पीकरांना पुरवणारं यंत्र) नवा आहे, आणि तरीही गाणं समोरच्या दोन स्पीकरांतूनच वाजतंय. यातली खरी अडचण अशी की एरर कुठेच येत नाही. टीव्हीवर चित्र फाटलं तर ते पोरासोरांनाही दिसतं. सहा चॅनलच्या, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा आवाज असलेल्या, संगीताचे दोन झाले तर गाणं सुरूच राहतं, सूर-ताल जागच्या जागी असतात आणि ऐकणारा म्हणतो, हेच का ते मल्टिचॅनल, उगाच गाजावाजा केला होता. डिस्कपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेवरचं प्रत्येक उपकरण तक्रार न करता, जमेल तेवढं वाजवून मोकळं होतं. म्हणून शोध घ्यायचा तो एकाच गोष्टीचा: सहाचे दोन नेमके कुठे झाले?

त्याआधी रिसीव्हरचा एक चोरटा उपकार बंद करा. आजचे बहुतेक एव्ही रिसीव्हर दोन चॅनलचा सिग्नल आला की आपल्या बुद्धीने तो सगळ्या स्पीकरांत पसरवतात. मागून आवाज येतो म्हणून आपण खूश, आणि मूळ फाइल मात्र स्टिरिओ. 'डायरेक्ट' किंवा 'प्युअर' अशा नावाचा मोड लावला की हा पसारा थांबतो आणि जे येतंय तेवढंच वाजतं. बहुतेक रिसीव्हरच्या माहितीच्या पडद्यावर किती चॅनल आत येताहेत तेही दिसतं. रिसीव्हरचा स्वतःचा टेस्ट टोन सगळीकडून वाजला तर स्पीकरच्या वायरी ठीक आहेत एवढंच सिद्ध होतं. रिसीव्हरच्या अलीकडे काय घडतंय याबद्दल तो काहीच सांगत नाही.

पहिली फसगत डिस्कवरच होते. सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली. तिला एसएसीडी म्हणतात. यातल्या पुष्कळशा डिस्क हायब्रिड असतात, म्हणजे एका थरावर साधी सीडी आणि दुसऱ्या, जास्त घनतेच्या थरावर खरा माल. संगणकाच्या ड्राइव्हला फक्त सीडीचा थर दिसतो. डिस्क घातली, रिपिंगचं, म्हणजे डिस्कवरचं संगीत फाइलींत उतरवायचं, सॉफ्टवेअर चाललं, फाइली तयार झाल्या, आणि हाती लागलं ते १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं, प्रत्येक १६ बिटांचं) साधं स्टिरिओ. दुसऱ्या थराचं संरक्षण डिस्कच्या भौतिक रचनेतच घातलेलं असल्यामुळे नुसतं सॉफ्टवेअर बदलून तो उघडत नाही. प्लेस्टेशन ३ ची सुरुवातीची मॉडेलं आणि विशिष्ट चिप असलेले काही ब्लू-रे प्लेअर तो वाचू शकतात; हौशी मंडळी जुन्या बाजारात तेच धुंडाळत असतात.

डीव्हीडी-ऑडिओची गोष्ट निराळी. या डिस्कवर दोन फोल्डर असतात. 'ऑडिओ' फोल्डरमध्ये मेरिडियन कंपनीच्या एमएलपी पद्धतीने, एकही बिट न गमावता आवळलेलं संगीत, आणि साध्या डीव्हीडी प्लेअरची सोय म्हणून 'व्हिडिओ' फोल्डरमध्ये तेच संगीत डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींमध्ये, बरंच काही गाळून. एमएलपीची गरज का पडली याचं गणित सोपं आहे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सहा चॅनल यांचा गुणाकार सेकंदाला १३.८ मेगाबिट होतो, आणि डीव्हीडी-ऑडिओची मर्यादा ९.६. आवळल्याशिवाय ते बसणारच नव्हतं. रिप करताना सॉफ्टवेअर सवयीने व्हिडिओ फोल्डरकडे वळलं तर चॅनल सहाच मिळतात, पण दुय्यम प्रतीचे. ब्लू-रेवर हाच घोळ डीटीएस-एचडीच्या बाबतीत होतो. त्याच्या पोटात जुन्या डीटीएसचा एक गाभा असतो, आणि जुनं सॉफ्टवेअर तेवढाच उलगडून बाकीचं सोडून देतं. इथे कान चटकन साथ देत नाहीत. तयार फाइलमध्ये सॅम्पल रेट (किलोहर्ट्झचा आकडा) आणि बिट किती आहेत ते उघडून बघावं.

कायद्याबद्दल एक वाक्य हवंच. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, आणि हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणं हा गुन्हा ठरला. तेव्हा प्रत करायची ती स्वतःच्या डिस्कची आणि स्वतःच्या घरापुरती. ही कटकटच नको असेल तर मल्टिचॅनल फाइली सरळ विकतही मिळतात. ओस्लोचं टूएल हे रेकॉर्डिंग लेबल तर नमुन्याच्या ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) फाइली फुकट देतं. यंत्रणा तपासायला त्या फार उपयोगी, कारण फाइल चोख असल्याची खात्री असते आणि दोष निघाला तर तो आपल्या घरातलाच असतो.

आता रिप नीट झालं, सहाही चॅनल आले, पण दोन ट्रॅकांच्या सांध्यावर 'टक्' असा आवाज येतो. एसएसीडीच्या रिपमधली ही सगळ्यात जास्त कुरबुर, आणि तिचं कारण मोठं मजेदार आहे. साध्या डिजिटल संगीतात, म्हणजे पीसीएममध्ये, शून्य म्हणजे शांतता. एसएसीडीवरच्या डीएसडी पद्धतीत तसं नाही. तिथे सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० एकेरी बिट येतात. १ म्हणजे वर, ० म्हणजे खाली, आणि १ आणि ० यांच्या दाटीतून लहर उभी राहते. म्हणजे नुसती शून्यांची ओळ ही शांतता नसून लहरीने गाठलेला तळ. शांततेसाठी ०११०१००१ असा, चार वर चार खाली, आकृतिबंध पुन्हा पुन्हा लिहावा लागतो. आता डीएसएफ या लोकप्रिय फाइल प्रकारात प्रत्येक चॅनलचा डेटा ४०९६ बाइटच्या ठोकळ्यांत भरतात. ट्रॅक ठोकळ्याच्या मध्येच संपला तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. ट्रॅक कुठे संपतो हे फाइलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं, पण प्लेअरने तिकडे काणाडोळा केला तर जास्तीत जास्त ११.६ मिलिसेकंद लहर तळाला जाऊन आपटते. तोच तो 'टक्'. सलग वाजणाऱ्या मैफलीत हा आवाज असह्य होतो. उपाय असा की अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये उतरवावी, पीसीएममध्ये बदलावी आणि तुकडे त्यानंतर पाडावेत.

पीसीएममध्ये बदलताना ९६ ऐवजी ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झ निवडलेलं बरं. डीएसडीच्या वेगाला ८८,२०० ने भागलं तर बरोबर ३२ येतात, ९६,००० ने भागलं तर २९.४. आजचं सॉफ्टवेअर हा अपूर्णांकही व्यवस्थित हाताळतं, तरी विनाकारण आडवाट कशाला? बदललेल्या फाइली हळू आवाजात वाजतात म्हणून पुष्कळजण ६ डेसिबल वाढवून टाकतात. एसएसीडीचा संदर्भ-पातळीचा आकडा मुळातच ६ डेसिबल खाली बांधलेला आहे, त्यामुळे हिशोब बरोबर वाटतो. पण त्याच नियमांत शिखरांना ३.१ डेसिबलपर्यंत वर जायची मुभा आहे. तबल्याची एखादी थाप किंवा ब्रासचा जोरकस सूर मग माथ्यावर कापला जातो. २४ बिटांत जागा मुबलक आहे, पातळी खालीच राहू द्या आणि आवाजाचं बटण फिरवा. प्रत्येक चॅनल वेगवेगळा 'नॉर्मलाइझ' करणारी, म्हणजे त्याची पातळी कमाल मर्यादेपर्यंत चढवणारी, सोय तर चुकूनही वापरू नये, कारण समोर-मागचा सगळा तोल त्यात जातो.

सहाचे दोन झाले नाहीत, पण सहांची जागा चुकली, हाही प्रकार नेहमीचा. गायिका डाव्या हाताला आणि डावीकडचे व्हायोलिन उजवीकडे, असं काही ऐकू आलं तर चॅनलचा क्रम बघा. फ्लॅक या, काही न गाळता आवळणाऱ्या, फाइल प्रकारात क्रम ठरलेला आहे: डावा, उजवा, मधला, सबवूफरचा, मागचा डावा, मागचा उजवा. डीटीएस आणि एएसी या पद्धती मधल्यापासून सुरुवात करतात. सहा सुट्या फाइली जोडताना तर गंमतच होते. त्यांची नावं सहसा सी, एल, एलएफई, एलएस, आर, आरएस अशी रोमन आद्याक्षरांची असतात आणि संगणक त्या वर्णानुक्रमे उचलतो. परिणामी मधला चॅनल डाव्या स्पीकरला, डावा उजव्याला, सबवूफरचा मधल्याला, मागचा डावा सबवूफरला आणि उजवा मागच्या डाव्याला जातो. आपल्या जागी पोचतो तो एकटा मागचा उजवा! ७.१ मांडणी (बाजूला दोन आणि पाठीमागे आणखी दोन स्पीकर) असलेल्यांना आणखी एक उपद्रव असतो. ५.१ मधले मागचे दोन चॅनल 'बाजूचे' की 'पाठीमागचे' याच्या दोन वेगळ्या खुणा प्रचारात आहेत. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे हे स्पीकर समोरच्या दिशेपासून सुमारे ११० अंशांवर, म्हणजे जवळजवळ बाजूलाच हवेत. खूण दुसरी पडली की आवाज थेट डोक्यामागून येऊ लागतो.

फाइली हार्ड डिस्कवर नीट बसल्या की स्ट्रीमिंगची पाळी. सगळा ठपका वाय-फायवर ठेवायची आपली रीत आहे, पण आकडे बघा. ९६ किलोहर्ट्झचे सहा चॅनल न आवळता १३.८ मेगाबिट, १९२ चे २७.६, डीएसडीचे सहा चॅनल साधारण १७. जुन्यातलं जुनं १०० मेगाबिटचं लॅन हे सहज पेलतं. वाय-फायचा सरासरी वेगही पुरतो. अडतं ते मधल्या खंडांमुळे. आरसीसीच्या भिंती, २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या डझनभर राउटरांची गर्दी, त्यात मायक्रोवेव्ह सुरू झाला की काही पाकिटं परत पाठवावी लागतात आणि प्लेअरचा बफर (पुढचं संगीत आधीच साठवून ठेवायची जागा) रिकामा पडतो. संगीत तुटत असेल तर आधी वायर लावून बघा. वायरनेही तुटलं तर वाय-फाय निर्दोष, आणि बहुधा प्लेअरचा प्रोसेसर कमी पडतोय.

पण तुटणं वेगळं आणि सहाचे दोन होणं वेगळं. या टप्प्यावर दोन होतात ते सर्व्हरच्या परोपकारामुळे. घरातला मीडिया सर्व्हर, म्हणजे फाइली घरभर पुरवणारा संगणक, समोरच्या उपकरणाची कुवत विचारतो आणि शंका आली की फाइल परस्पर स्टिरिओमध्ये बदलून पाठवतो. सेटिंगमधलं 'ट्रान्सकोडिंग' बंद केलं की खरं काय ते कळतं. शिवाय अनेक रिसीव्हरांचा आतला नेटवर्क प्लेअर दोनच चॅनल वाजवतो, मग त्याच रिसीव्हरला नऊ स्पीकर का जोडलेले असेनात. ब्लूटूथवरून संगीत पाठवलं तर तेही स्टिरिओच. सहा चॅनलसाठी घरगुती खात्रीची वाट एचडीएमआय.

आणि सगळ्यात जास्त घोडं अडतं ते तिथेच. एचडीएमआयची वायर जोडली की पलीकडचं उपकरण आपली ओळख सांगणारी एक छोटी यादी पाठवतं. तिला ईडीआयडी म्हणतात. चित्राचे आकार, आवाजाचे प्रकार, जास्तीत जास्त किती चॅनल, सगळं त्यात. संगणक टीव्हीला आणि टीव्ही रिसीव्हरला जोडला असेल तर संगणकाला यादी मिळते टीव्हीची, आणि टीव्ही प्रामाणिकपणे सांगतो: मला स्पीकर दोन. संगणक लगेच सहाचे दोन करतो. म्हणून संगणक आधी रिसीव्हरला जोडावा, रिसीव्हर पुढे टीव्हीला. एवढं करूनही कधी कधी सोमवारी सहा आणि मंगळवारी दोन असा खेळ चालतो, कारण रिसीव्हर जागा व्हायच्या आत संगणकाने यादी वाचलेली असते. रिसीव्हर आधी चालू करायची सवय लावली की हा लहरीपणा बहुधा थांबतो. लिनक्सवाल्यांना साउंड कार्डाच्या 'ईएलडी' नोंदीत ही यादी वाचता येते. पाच मिनिटांत निकाल.

एचडीएमआयची आणखी एक खोड. आवाजाला त्यात स्वतंत्र रस्ता नाही. चित्राच्या दोन ओळींमध्ये जो मोकळा वेळ उरतो त्यात आवाज कोंबलेला असतो. चित्र जितकं लहान तितका हा वेळ तोकडा. नुसतं संगीत ऐकायचंय म्हणून कोणी संगणकाचं चित्र ४८० ओळींवर ठेवलं तर १९२ किलोहर्ट्झचे सहा चॅनल त्या फटीत मावत नाहीत. पडद्याकडे कोणी बघणार नसलं तरी तो १०८० वर ठेवावा. ऑप्टिकल वायरीला न आवळलेले दोनच चॅनल झेपतात; टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच रिसीव्हरकडे परत पाठवणाऱ्या साध्या एआरसीचंही तेच. ईएआरसी या तिच्या नव्या आवृत्तीने ती मर्यादा काढली, पण टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे ती सोय हवी.

मुळात १९२ ची गरज आहे का? मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचं संगीत एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या गाळणीतून ऐकवलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अनेक प्रयोग एकत्र मांडले तेव्हा आकडा ५२.३ टक्के निघाला. फरक आहे, पण निसटता. मागचे दोन स्पीकर बंद पडले तर मात्र ते कोणालाही ऐकू येतं. म्हणून माझं मत असं की ८८.२ किंवा ९६ वर थांबावं आणि वाचलेली शक्ती चॅनल शाबूत ठेवण्यात घालावी.

ॲटमॉस या डॉल्बीच्या पद्धतीची फाइल असेल तर ती फ्लॅकमध्ये बदलू नका. ॲटमॉसमध्ये कुठला आवाज खोलीत कुठे ठेवायचा ही माहिती वेगळी जोडलेली असते आणि फ्लॅकमध्ये तिला जागाच नाही. उरतं ते सपाट ७.१. मूळ ट्रू-एचडी (डॉल्बीची काही न गाळणारी पद्धत) ट्रॅक तसाच ठेवून रिसीव्हरला उलगडू द्यावा.

सगळं जुळल्यावर शेवटची तक्रार बहुधा बासची असते. सिनेमाच्या ५.१ मध्ये सबवूफरचा चॅनल बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल चढा वाजवायचा संकेत आहे. संगीताच्या सगळ्या डिस्क त्या संकेताने मिसळलेल्या नाहीत, म्हणून एका डिस्कवर धडधड आणि दुसरीवर सबवूफर झोपलेला. सबवूफरची कळ पिरगाळण्याआधी रिसीव्हरवर 'डीएसडी' अशी अक्षरं झळकताहेत का ते बघावं. पातळी बदलायची तर गुणाकार लागतो, आणि एकेरी बिटांचा गुणाकार केला की ते एकेरी राहत नाहीत, त्यामुळे अनेक रिसीव्हर डीएसडी थेट वाजवताना स्पीकरचं अंतर, पातळी, लहान स्पीकरचा बास सबवूफरकडे वळवणं, सगळंच वगळतात. ती अक्षरं दिसायला छान दिसतात, पण लहान स्पीकरांच्या घरात बास त्यांच्यापायीच गेलेला असतो. प्लेअरमध्येच पीसीएम करून पाठवलं की तो परत येतो.