गाडी लहान होते, गुरुत्वाकर्षण होत नाही

ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमधली चांदीची आगगाडी बघून बाहेर पडणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "त्यात काय एवढं, खऱ्या गाडीचं सगळं त्याच मापात लहान केलं की झालं!" घरी लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे, बघायला येणारेही हेच म्हणतात. हा समज इतका सरळ वाटतो की त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातच येत नाही. पण तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे उलगडण्यात छोट्या रेल्वेच्या छंदातला सगळ्यात मोठा आनंद आहे. लांबी, रुंदी, उंची आपल्या हातात असतात. गुरुत्वाकर्षण, घर्षण, पाण्याचा पृष्ठताण आणि धुळीच्या कणाचा आकार मात्र खऱ्या जगात जेवढे आहेत तेवढेच टेबलावरही राहतात.

ती चांदीची गाडी महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांची. रेल्वे राज्यमंत्री राहिलेल्या माधवरावांचे हे आजोबा. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ, त्यावर विजेवर फिरणारी गाडी, डब्यांत काचेच्या सुरया आणि डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. यात जादू नाही. वजन उतरलं की विजेचा मार्ग तुटेल असा साधा खटका त्यासाठी पुरतो. ग्वाल्हेरच्या मुलांना ही गाडी शाळेच्या सहलीत दाखवतात, तेव्हा हा खटकाही समजावून सांगायला हवा.

याच महाराजांच्या काळात ग्वाल्हेरची खरीखुरी 'छोटी लाईन' उभी राहिली. दोन रुळांमधलं अंतर फक्त ६१० मिलिमीटर. भिंड आणि शिवपुरीच्या बाजूला १८९९ मध्ये गाड्या धावू लागल्या, श्योपूरपर्यंतचा मार्ग १९०९ मध्ये पुरा झाला. घोसीपुरा, सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ करत सुमारे २०० किलोमीटर जाणारी ही गाडी २०२० मध्ये थांबली ती कायमची. त्या मार्गावर आता टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज होतंय. रूळ उखडले गेल्यावर तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती करणं ही मला शहराच्या आठवणीसाठी करण्याजोगी फार मोलाची गोष्ट वाटते.

प्रतिकृती करायची म्हणजे आधी स्केल, म्हणजे किती पटींनी लहान करायचं ते, ठरवायचं. बाजारात तयार मिळणारे रूळ ठरावीक गेजचे, म्हणजे दोन रुळांमधल्या ठरावीक अंतराचे, असतात. सगळ्यात प्रचलित १६.५ मिलिमीटरचे, कारण युरोप-अमेरिकेतलं १४३५ मिलिमीटरचं स्टँडर्ड गेज ८७ पटींनी लहान केलं की तेवढं भरतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. तेच रूळ वापरून आपली गाडी मापात बसवायची तर ती साधारण १०२ पटींनी लहान करावी लागते. छोट्या लाईनसाठी ९ मिलिमीटरचे रूळ घेतले, तर ६१० भागिले ९, म्हणजे सुमारे ६८. तेव्हा आपलं स्केल १:६८. (त्या रुळांचे स्लीपर नॅरोगेजच्या मानानं फार दाटीवाटीनं असतात, ते कापून विरळ करावे लागतात. चिकाटीचं काम आहे, पण त्याशिवाय छोटी लाईन छोटी लाईन दिसत नाही.)

आता खरी गंमत. समजा आपलं डिझेल इंजिन २२ टनांचं आहे. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ६८ पटींनी घटली, तर घनफळ, आणि म्हणून वजनही, ६८ गुणिले ६८ गुणिले ६८, म्हणजे ३,१४,४३२ पटींनी घटतं. २२ टनांचे उरतात ७० ग्रॅम. आठ चाकांत वाटले तर एका चाकावर जेमतेम नऊ ग्रॅम.

वेगाचं बघू. खरी गाडी ताशी ३० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटरनं जात असेल, तर छोटी गाडी सेकंदाला सव्वाबारा सेंटीमीटर गेली की डोळ्यांना वेग बरोबर वाटतो. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निम्मी गुणिले वेगाचा वर्ग, हे नववीत शिकलेलं असतं. वस्तुमान ६८च्या घनानं घटलं, वेगाचा वर्ग ६८च्या वर्गानं. म्हणजे ऊर्जा ६८च्या पाचव्या घातानं घटली! आकडा मांडला तर छोट्या इंजिनाची गतिज ऊर्जा निघते सुमारे ०.०००५ ज्यूल. जवळजवळ काहीच नाही.

त्यात भर वर्म गिअरची. छोटी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, चाकं सावकाश फिरायला हवीत, म्हणून मधे मळसूत्रासारखा वर्म बसवतात. या जोडीचा स्वभाव असा की मोटर चाकाला फिरवू शकते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. वीज गेली आणि मोटर थांबली की चाकं जागच्या जागी अडकतात. मोटरच्या आतल्या रोटरचं फिरणं क्षणभर बाजूला ठेवलं, तर अशी गाडी घसरत फक्त ४ मिलिमीटर जाईल. खऱ्या मापात हे अंतर भरतं २७ सेंटीमीटर. ताशी ३० किलोमीटरनं चाललेली सबलगढची गाडी फुटाभराच्या आत थांबली, तर आतल्या प्रवाशांचं काय होईल? छोटी गाडी 'खेळण्यासारखी' चालते असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्याला खटकत असतं ते हेच. रंग, खिडक्या, रिव्हेट सगळं अचूक असूनही ती गाडी वजनदार वाटत नाही.

यावरचा उपाय मला या संपूर्ण छंदातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. इंजिनात वजन भरायला जागा नाही. मग मोटरच्या दांड्यावरच, वर्मच्या अलीकडे, पितळेचं एक छोटं गोल भरीव चाक बसवायचं: फ्लायव्हील. १२ मिलिमीटर व्यासाचं आणि १० ग्रॅमचं धरू. चाकाचा व्यास १० मिलिमीटर असेल, तर आपल्या वेगाला ते मिनिटाला सुमारे २३४ फेरे घेतं. वर्मचं प्रमाण १:२६ असेल, तर मोटर, आणि तिच्याबरोबर फ्लायव्हील, मिनिटाला ६००० फेरे घेतं. फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गणित केलं की या इवल्याशा पितळी तुकड्यात साठलेली ऊर्जा निघते ०.०३५ ज्यूल. म्हणजे सगळं इंजिन पुढे धावताना जेवढी ऊर्जा बाळगतं, त्याच्या साठ-सत्तर पट ऊर्जा त्याच्या पोटातल्या १० ग्रॅम पितळेत! कुंभाराचं चाक काठी काढून घेतल्यावरही फिरत राहतं, तसंच हे. निसर्गानं वजनातून जी जडत्वाची भावना काढून घेतली, ती आपण फेऱ्यांतून परत आणली.

मोटरच्या आतलं घर्षण यातला बराच हिस्सा खातं, हे खरं. तरी वीज तुटल्यावर गाडी धक्का न देता हळूहळू थांबते, आणि रुळावरची एखादी मळकट जागा सहज ओलांडते. पण वर्गाचा नियम दोन्ही बाजूंनी लागू पडतो. वेग निम्मा केला की फ्लायव्हीलची ऊर्जा चौथाई होते. यार्डात डबे जोडताना, गाडी मुंगीच्या पावलानं सरकवायची असते तेव्हा, फ्लायव्हील जवळजवळ निरुपयोगी ठरतं. तिथे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, कामाला येतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला भरला की त्यात ०.०७ ज्यूल साठतात, फ्लायव्हीलच्या दुप्पट, आणि गाडीचा वेग काहीही असो. मात्र जुन्या पद्धतीत रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलतात आणि धन-ऋण उलटवून दिशा, तिथे हा कपॅसिटर बसत नाही. डिजिटल पद्धतीत रुळांत पूर्ण व्होल्टेज कायम असतो आणि त्याचे धन-ऋण सेकंदाला हजारो वेळा पालटतात. प्रत्येक अर्धा ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो '१', सुमारे १०० किंवा जास्तीचा असेल तर '०'. इंजिनातला डिकोडर हे आकडे वाचतो, आपला पत्ता ओळखतो आणि मोटरला हवी तेवढी वीज देतो. कपॅसिटर डिकोडरच्या आतल्या, एका दिशेच्या विजेवर भरला जातो.

वीज तुटते तरी का? ती रुळांतून चाकांवाटेच मोटरपर्यंत पोचते, आणि चाकावर पुन्हा तेच नऊ ग्रॅम. खऱ्या इंजिनाचं चाक टनांच्या भारानं रुळावरची घाण चिरडून टाकतं. नऊ ग्रॅमचं चाक धुरळ्याच्या एका कणावर उचललं जातं, कारण कण ६८ पटींनी लहान झालेला नसतो. गणपतीच्या आरासीत छोटी रेल्वे मांडणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. पहिले दोन दिवस गाडी झकास पळते, मग अडखळू लागते. घरातलं कुणीतरी म्हणतं, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. दृष्टीचा इथे काहीही संबंध नाही. उदबत्ती, कापूर आणि निरांजनाच्या धुरातली तेलकट काजळी रुळांवर बसते आणि वीज अडते. पांढऱ्या सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळांवरून बोट फिरवा. कापडावर उमटणारी काळी रेघ मुलांना दाखवा. कारण डोळ्यांनी दिसलं की भीती उरत नाही. रेल्वे समईपासून दूर मांडली तर हा त्रास कमी होतो, शिवाय अल्कोहोल पेटतं म्हणून पुसतानाही ज्योत जवळ नको.

देखावा करतानाही हाच धडा. चंबळच्या बीहडांचा, म्हणजे मातीच्या घळींचा, रंग कुठल्याही डबीतल्या रंगात मिळत नाही, म्हणून तिथलीच माती आणून मलमलीतून चाळून वापरावी. पण त्याआधी कागदात गुंडाळलेलं चुंबक त्या मातीतून फिरवावं. कागदाला काळे केसाळ कण चिकटून येतात. ते लोहकण राहिले तर मोटरमधलं चुंबक त्यांना आत ओढून घेतं आणि मोटर खराब होते. रुळांमधली बारीक खडी पातळ फेविकॉलनं चिकटवताना थेंब खडीवर तसाच गोल बसून राहतो किंवा खडी घेऊन घरंगळतो. पृष्ठताणाला या मापात खडीच्या वजनापेक्षा जास्त जोर असतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब मिसळला की तो ताण मोडतो आणि पाणी गुपचूप आत झिरपतं.

मोबाइलवर सध्या चुंबकाच्या जोरावर, विजेशिवाय, कायम फिरणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचे व्हिडिओ फिरतात. इंजिनाच्याच टोकाला बांधलेलं चुंबक इंजिनाला ओढत नेऊ शकत नाही, आणि घर्षणात गेलेली ऊर्जा कुठून तरी पुरवावीच लागते. ०.०३५ ज्यूलसाठी इतका खटाटोप करणाऱ्या छंदाला फुकटची ऊर्जा सापडली असती, तर फ्लायव्हील कुणी बसवलं नसतं.

गुरुत्वाकर्षण मात्र एका युक्तीनं लहान झाल्यासारखं दाखवता येतं. खरी वस्तू ४.९ मीटर खाली पडायला एक सेकंद घेते. ते अंतर ६८ पटींनी लहान केलं तर ७ सेंटीमीटर, आणि तेवढं पडायला लागतो ०.१२ सेकंद. वेळ ६८ पटींनी नाही, ६८च्या वर्गमुळानं, म्हणजे सव्वाआठ पटींनी घटली. डब्यांचं हेलकावणं, सांध्यावरचं उसळणं, सगळं सव्वाआठ पट घाईत होतं. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपायची सोय असते. ती सेकंदाला ३०च्या गतीनं दाखवली की काळ आठ पट मंदावतो. गाडी सेकंदाला एक मीटरनं पळवा, कॅमेरा रुळांच्या उंचीवर ठेवा आणि टिपलेलं चित्र मंद करून बघा. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वाटेल, आणि डबे जौऱ्याच्या वळणावर झुलायचे त्याच लयीत झुलतील.