नाणं जुनं, पण फोटो कोणाचा?

नाशिकच्या इतिहासावर पोस्ट लिहायला बसलं की जोगळटेंभीचा साठा आठवतोच. १९०६ साली सापडलेली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, शक राजा क्षत्रप नहपानाची. त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून पुन्हा चलनात आणलेली. मग कुठल्यातरी संग्रहालयाच्या साइटवरून नहपानाच्या नाण्याचा फोटो उचलला जातो. एवढ्या जुन्या वस्तूवर कसला आलाय कॉपीराइट?

नाण्यावर नाहीच. पण नाणं आणि नाण्याचा फोटो या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजेड कुठल्या बाजूने पाडायचा, झिजलेली अक्षरं कशी उठावदार दिसतील, हे फोटोग्राफर ठरवतो, म्हणून फोटोवर स्वतंत्र हक्क असू शकतो. भारतात २०१२च्या दुरुस्तीपासून फोटोचा हक्कही काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

सपाट चित्राचं थोडं वेगळं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं कॉपीराइटमधून केव्हाच मुक्त झाली. अशा चित्राच्या हुबेहूब फोटोत नवनिर्मिती नसते, असं न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटलं. एम. एफ. हुसेन २०११ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत राहील. तिथे चित्र आणि फोटो, दोन्हींची परवानगी लागते.

आता फोटोचा परवाना. पुढे येणारं "सीसी" म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे वापराच्या अटी आधीच लिहून ठेवलेले तयार परवाने. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून मुक्त कलाकृतींचे फोटो सीसी झिरोखाली खुले केले आहेत: छापा, विका, कापा, नाव देणंही बंधनकारक नाही (द्यावं, वाचकाला मूळ सापडतं). ब्रिटिश म्युझियमच्या साइटवरचे बहुतेक फोटो मात्र सीसी बाय-एनसी-एसए ४.० खाली असतात. बाय म्हणजे श्रेय हवंच. एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही: अभ्यासाच्या ब्लॉगवर चालेल, येवल्यातल्या पैठणीच्या दुकानाच्या जाहिरातीत किंवा विकायच्या कॅलेंडरवर नाही. एसए म्हणजे फोटोत फेरफार करून नवं काही केलंत, तर तेही याच परवान्याखाली द्यायचं. सगळ्यात जास्त लोक एनसीपाशीच अडकतात, कारण फोटो फुकट डाउनलोड झाला म्हणजे फुकट वापरता येतो असं वाटतं.

म्हणून फोटो गूगलच्या इमेज सर्चमधून घेऊ नका. तिथून संग्रहालयाच्या त्या वस्तूच्या मूळ पानावर जा, फोटोखालचा परवाना वाचा, पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा आणि वस्तूचा नोंदणी क्रमांक टिपून घ्या. मेटच्या पानावर ओपन ॲक्सेसची (खुल्या वापराची) खूण नसेल, तर तो फोटो मोकळा धरू नका. श्रेयाची ओळ अशी असावी: वस्तूचं नाव, संग्रहालय, नोंदणी क्रमांक, परवान्याचं पूर्ण नाव व लिंक, आणि काही कापलं असेल तर "कडा कापल्या आहेत". "सौजन्य: गूगल" ही ओळ कुठल्याच परवान्याची अट पुरी करत नाही. गूगल फक्त दाखवतं, हक्क त्याच्याकडे नसतो.

श्रेय द्यायचं राहून गेलं तर परवाना तिथेच संपतो. ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. मधल्या काळातल्या वापराचा जाब मात्र मालक तरीही विचारू शकतो.