गिअरबॉक्सची तेलगळती : उगमाचा शोध व घरगुती दुरुस्ती

गिअरबॉक्समधले वंगण तेल ऑइल सील, जोड, बोल्ट किंवा कवचाला गेलेला तडा यांवाटे बाहेर झिरपणे म्हणजे गिअरबॉक्सची तेलगळती. सोलापुरात गॅरेजच्या दारात गाडी उभी करून लोक नुसते 'ऑइल गळायलंय' म्हणतात. ते इंजिनाचे की गिअरचे, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. इंजिनात तेलाचा दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा तरी लागतो. हाताने गिअर टाकायच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलासाठी दिवाही नसतो आणि डिपस्टिकही (तेलाची पातळी बघायची पट्टी) नसते. फरशीवरचा डाग हीच पहिली सूचना. ती दुर्लक्षिली तर पुढची सूचना आवाजाने येते, आणि तोवर बेअरिंग व गिअरचे दाते झिजू लागलेले असतात.

जुन्या वाड्यांच्या आणि बैठ्या घरांच्या अंगणात शहाबादी फरशी असते, त्यामुळे सोलापूरकरांना ही सूचना लवकर मिळते. फिकट राखाडी दगडावर तेलाचा थेंब रात्रीतून काळपट होऊन पसरतो. काळ्या मातीच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावणाऱ्याला मात्र महिनोन्महिने काहीच कळत नाही, कारण माती सगळे पिऊन टाकते.

तेलाची ओळख

गाडीखाली पडणारा प्रत्येक थेंब गिअरचा नसतो. उन्हाळ्यात एसी चालवून आल्यावर डाव्या बाजूला पडणारे निव्वळ पाणी पाहूनही लोक घाबरतात. कूलंट हिरवा किंवा लालसर असून बोटाला किंचित चिकट लागतो. ब्रेक ऑइल पातळ असते आणि रंगावर पडले तर रंग उतरवते. इंजिन ऑइल वापरानंतर काळे पडते. गिअर ऑइल मधासारखे पिवळट-तपकिरी, इंजिन ऑइलपेक्षा बहुधा दाट, आणि वासाने उग्र असते. हा वास त्यात घातलेल्या गंधकयुक्त रसायनांचा. दात्यांवर प्रचंड दाब येतो तेव्हा धातूला धातू घासू नये म्हणून ती घातलेली असतात. एकदा नाकात बसला की हा वास विसरत नाही. ओळखीची ही सर्वांत खात्रीची खूण आहे.

गळतीच्या जागा

मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक लहान गाड्यांपर्यंत इंजिन आडवे बसवलेले असते आणि पुढची चाके ओढतात. यात गिअरबॉक्स व डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) एकाच ॲल्युमिनियमच्या कवचात असतात, आणि दोन्ही बाजूंनी चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट (गॅरेजच्या बोलीत 'ॲक्सल') त्यातून बाहेर पडतात. फिरता शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे रबरी ओठाचे ऑइल सील असते, आणि घरगुती गाड्यांत गळतीचा पहिला संशय याच दोन सीलांवर घ्यावा. त्याखालोखाल ड्रेन बोल्टचा वॉशर, गिअर टाकण्याच्या दांड्याचे सील, रिव्हर्स लाइटचा स्विच, जुन्या गाड्यांत स्पीडोमीटर केबलची ओ-रिंग आणि कवचाच्या दोन भागांमधला जोड येतो. मागची चाके ओढणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्ट जिथे शिरतो ते मागचे सील बघावे.

इनपुट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्सात शिरणाऱ्या दांड्याचे, सील हे वेगळे प्रकरण आहे. ते क्लचच्या मागे, बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत असते. तेल हाउसिंगच्या तळाशी येऊन ठिबकते, पण इंजिनाच्या क्रँकचे मागचे सील गेले तरी ते तिथूनच ठिबकते. दोन्हींत फरक करायला रंग आणि वास एवढेच साधन. यात क्लच प्लेटला तेल लागून क्लच घसरू लागतो. दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा हे काम अंगणात करू नये. गॅरेजात उतरवलाच तर दोन्ही सील आणि क्लचचे रिलीज बेअरिंग त्याच मजुरीत बदलून घ्यावे.

ब्रीदर नावाची एक छोटी टोपी किंवा नळी गिअरबॉक्सच्या माथ्यावर असते. तिच्याकडे कोणी बघत नाही. बंद डब्यातली हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. ब्रीदर उघडा असेल तर ही हवा निमूट बाहेर जाते. धूळ आणि तेलाच्या राबडीने तो बुजला असेल तर दाब सीलच्या ओठावर येतो आणि चांगले सीलही गळू लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो आणि हवेत धूळ असते, अशा गावात ब्रीदर आधी तपासणे शहाणपणाचे. नवे सील टाकूनही महिन्याभरात गळती परत आली, तर दोष पुष्कळदा इथे सापडतो.

उगम शोधणे

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागातला सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधायचा असतो. जुन्या गळतीवर धूळ बसून काळा, खरबरीत थर झालेला असतो. त्या थराखाली काय आहे ते धुतल्याशिवाय दिसत नाही, म्हणूनच जाणता मिस्त्री 'मालक, आधी धुऊन आणा, मग बघू' असे म्हणतो आणि गिऱ्हाइकाला ते टाळाटाळ वाटते.

धुण्यासाठी पाण्याचा फवारा लागतोच असे नाही, आणि सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसताना ते गाडीच्या पोटावर घालवायला कोणी राजीही होणार नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर डिझेल किंवा रॉकेल आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन थर सोडवावा. मग जुन्या टॉवेलच्या तुकड्याने कवच कोरडे पुसावे. टॉवेल-चादरींच्या या गावात तुकड्यांची वानवा नसते. ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवरच्या रबरी आवरणांवर (बुटांवर) डिझेल राहू देऊ नये. जवळ विडी-काडी अर्थातच नको.

कोरड्या कवचावर टाल्कम पावडर भुरभुरावी. पांढऱ्या पावडरीवर नवे तेल ओल्या रेघेसारखे उमटते आणि रेघेचे वरचे टोक उगम दाखवते. गाडी आधी जागेवर दहा मिनिटे चालवून बघावी. काही दिसले नाही तर तापवून आणावी. सोलापूर–तुळजापूर हा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता त्याला पुरतो, शेवटी थोडा घाटही लागतो. परत आल्यावर गाडीखाली चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून ठेवावा. त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने आखून ठेवली की सकाळी थेंब नेमका कशाखाली पडला ते वाचता येते. रात्रीत दहा थेंब म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर. लहान गाडीच्या गिअरबॉक्सात दीड ते अडीच लिटर तेल असते, त्यामुळे एवढ्याने उद्या काही बिघडत नाही. पण चालत्या गाडीत गळती याहून जास्त असते, हे हिशेबात धरावे.

एक फसवी खूण : ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटला तर चाकाच्या आतल्या बाजूला काळे, घट्ट शिंतोडे उडतात. ते ग्रीस असते. सील बदलून ते थांबत नाही.

दुरुस्ती

गाडी उचलण्याआधी मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत. जॅक फक्त उचलण्यासाठी. गाडी तोलण्यासाठी लोखंडी घोडी हवी, आणि ती नसेल तर खाली शिरूच नये. शहाबादी फरशीखाली भराव खचून पोकळी झालेली असेल तर जॅकच्या टोकाखाली ती फुटते, म्हणून खाली जाड फळी घालावी.

तेल सोडण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते बघावे. आधी सगळे तेल काढून टाकले आणि मग वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी दारात अडकते. अशी फजिती फार जणांची झाली आहे.

गळती ड्रेन बोल्टची असेल तर काम दहा मिनिटांचे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, तो नवाच घालावा. बोल्ट पहारीने आवळू नये. कवच ॲल्युमिनियमचे असते, त्यातले आटे गेले तर पाच-पन्नास रुपयांच्या वॉशरचे काम लेथवाल्याकडे जाते.

ड्राइव्ह शाफ्टच्या सीलसाठी तेल सोडून खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवतात आणि चाकाचा हब बाहेर ओढून शाफ्टचे आतले टोक टॉमीने उचकटून काढतात. पुष्कळ गाड्यांत बाहेरचे टोक हबमध्येच राहू देता येते. जुने सील स्क्रूड्रायव्हरने काढताना बसण्याच्या जागेवर ओरखडा पडू देऊ नये. सीलच्या चेहऱ्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. ते वाचून दुकानात जुने सीलच घेऊन जावे. अनेक गाड्यांत डावे आणि उजवे सील वेगळे असते. शाफ्टवर जिथे ओठ घासतो तिथे नख फिरवावे. नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर नवे सीलही टिकत नाही. शाफ्ट वरखाली हलत असेल तर दोष बेअरिंगचा आहे.

नव्या सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला थोडे गिअर ऑइल लावावे. सीलच्या बाहेरच्या कडेवर बसेल अशा मापाचे सॉकेट किंवा पाइपचा तुकडा ठेवून हलक्या हातोडीने ठोकावे, एका बाजूला दोन ठोके, समोरच्या बाजूला दोन. तिरके गेले की ठोक्याचा आवाज पोकळ येतो; तळाला टेकले की तो घट्ट होतो. तिथे थांबावे. शाफ्ट आत घालताना त्याच्या खाचांनी ओठ कापू नये याची काळजी घ्यावी.

कवचाच्या जोडातून पाझर असेल तर वरून सीलंट फासून उपयोग नाही, मग तो 'अनाबॉन्ड' असो की एम-सील. जोड उघडून, साफ करून, आतून लावावा लागतो. दगड लागून तडा गेला असेल तर आर्गन वेल्डिंग. बाटलीतली 'गळती थांबवणारी' औषधे रबर फुगवून काही काळ आडोसा देतात, एवढेच.

तेल भरणे

दर्जा गाडीच्या पुस्तकातला पाळावा. हाताच्या गिअरच्या अनेक गाड्यांना जीएल-४ दर्जाचे, ७५डब्ल्यू-८० ते ८०डब्ल्यू-९० दाटपणाचे तेल लागते. दुकानात जीएल-५ सहज मिळते आणि आकडा मोठा म्हणून चांगले समजून दिले जाते. पण त्यातली जास्तीची रसायने काही गिअरबॉक्सांतल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना गती जुळवणाऱ्या कड्यांना) बाधतात. गाडी चारही बाजूंनी समपातळीत ठेवून, भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेवरून तेल ओघळू लागेपर्यंत भरावे. पुढची दोनच चाके उचललेली असताना भरले तर पातळी चुकते. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स) आणि ऑटोमॅटिक गाड्यांत पातळी तेलाच्या तापमानावर मोजतात, त्या घरी उघडू नयेत. अनेक एएमटी गाड्यांत (हाताच्या गिअरबॉक्सला यंत्राने गिअर टाकणाऱ्या) गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल वेगळे असते; गळती त्याचीही असू शकते.

काढलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासण्याची जुनी रीत आहे, नाल्यात ओतण्याचीही आहे. डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात देणे बरे. फरशीवरच्या डागावर लगेच कोरडे सिमेंट किंवा रांगोळी टाकून रात्रभर ठेवली तर बरेचसे तेल शोषले जाते. ॲसिड मात्र ओतू नये. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्याने ॲसिड त्याला खाते, आणि डाग तसाच राहतो.