घरगुती अंडी उबवणी : तापमान आणि आर्द्रता (नाशिक परिसर)

खुडूक कोंबडीऐवजी विजेवर चालणाऱ्या लहान पेटीत कोंबडीची फलित अंडी २१ दिवस ठेवून पिल्ले काढण्याची पद्धत. अंड्याला या काळात ऊब, ओलावा, ताजी हवा आणि नियमित फिरवणे लागते. नाशिकमध्ये हिवाळा कोरडा व कडक, एप्रिल-मे तापलेला आणि पावसाळा दमट असल्याने एकाच पेटीचा ऊब-ओलाव्याचा हिशेब वर्षातून तीनदा बदलतो. घरगुती उबवणी बिघडते ती बहुधा याच हिशेबात.

जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवर गावठी कोंबडी खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसवण्याची रीत आजही चालू आहे. पोटाखालची पिसे झडून उघड्या पडलेल्या त्वचेतून ती अंड्यांना ऊब देते, दिवसभर चोचीने ती फिरवते आणि दाणापाण्यापुरती थोडा वेळ उठते. पेटीला हे सगळे काम माणसाच्या देखरेखीखाली करायचे असते. घरगुती पेटी बहुतेक थर्माकोलची असते. तिच्यात फिलामेंटचे बल्ब, थर्मोस्टॅट, संगणकातला छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि हवेसाठी भोके एवढाच सरंजाम असतो. एलईडी दिवा पुरेशी ऊब देत नाही. एका मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बल्ब लावणे शहाणपणाचे, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा तग धरतो.

पंखा असलेल्या पेटीत तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते आणि तळाशी गारवा राहतो. अशा पेटीत तापमापीचे टोक अंड्यांच्या वरच्या बाजूच्या पातळीला ठेवून तिथे ३८.३ ते ३८.८ अंश राखावे लागतात. सतत एखादा अंश कमी राहिला तर पिल्ले उशिरा व अशक्त निघतात. सतत जास्त राहिला तर ती लवकर निघतात आणि बेंबी नीट मिटलेली नसते. उष्णतेची चूक गारव्याच्या चुकीपेक्षा फार महागात पडते. अंडे काही वेळ थंड झाले तर गर्भाची वाढ मंदावते, पण ४० अंशांच्या वर काही तास गेले तर अख्खी खेप हातची जाते.

म्हणून तापमापीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्वस्त डिजिटल सेन्सर एखाद्या अंशाने सहज चुकतो. तो पडताळायला घरातला ताप मोजायचा थर्मामीटर उत्तम, कारण ३७.५ हा आकडा नेमका त्याच्या पट्ट्यात बसतो. कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्हींची टोके शेजारीशेजारी बुडवून फरक पाहावा आणि तेवढी दुरुस्ती थर्मोस्टॅटवर करावी. उकळत्या पाण्याची कसोटी इथे फसवी ठरते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने पाणी १०० अंशांना पोहोचण्याआधी, साधारण ९८ अंशांनाच उकळते.

उन्हाळ्यात अडचण उलटी असते. थर्मोस्टॅट बल्ब बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. पत्र्याच्या घरात दुपारी खोलीच ३९-४० अंशांवर गेली तर बल्ब बंद असूनही पेटी तापत राहते. त्यात दुसऱ्या आठवड्यापासून वाढते गर्भ स्वतःही उष्णता सोडू लागतात, त्यामुळे सुरुवातीला नीट चाललेली भरगच्च पेटी पुढे आपोआप चढते. मे महिन्यात पेटी तळमजल्यावरच्या, ऊन न लागणाऱ्या खोलीत ठेवावी. तशी जागा नसेल तर त्या महिन्यात अंडी न लावलेलीच बरी.

आर्द्रतेचे सर्वसाधारण प्रमाण पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के असे सांगितले जाते. हे आकडे पेटीच्या आतले, ३७.५ अंशांना मोजलेले आहेत. हवा तापली की तिची पाणी सामावण्याची क्षमता वाढते, म्हणून तेच बाष्प टक्क्यांत कमी भरते. निफाडकडच्या जानेवारीतल्या पहाटेची १० अंशांची, ८० टक्के दमट हवा पेटीत शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता जेमतेम १५ टक्के उरते. जुलैतली २५ अंशांची, ९० टक्के दमट हवा तशीच तापली तरी ४४ टक्क्यांच्या आसपास राहते. बाहेर धुके आहे म्हणून हिवाळ्यात वाटी काढून टाकणारा अंडी सुकवतो, आणि पावसाळ्यात उन्हाळ्याइतकेच पाणी ठेवणारा पिल्ले बुडवतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पहिल्या १८ दिवसांत वाटी कोरडी ठेवली तरी बऱ्याचदा काम भागते.

ओलावा वाढवायचा तर वाटी खोल नको, पसरट हवी. बाष्प पृष्ठभागावरून उठते, खोलीमुळे काही फरक पडत नाही. हिवाळ्यात ताटलीत स्पंज किंवा सुती फडके उभे ठेवल्यास पृष्ठभाग वाढतो. भरायचे पाणी कोमट असावे. ओलावा टिकवण्यासाठी हवेची भोके बुजवणे मात्र घातक आहे. गर्भ कवचातून श्वास घेतो आणि शेवटच्या आठवड्यात त्याची प्राणवायूची गरज सर्वांत जास्त असते.

आर्द्रतामापीची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल एवढे पाणी घालावे आणि मापीसह हवाबंद डब्यात १०-१२ तास ठेवावे. मापीने ७५ टक्के दाखवायला हवेत. दोन तापमाप्यांची जुनी युक्तीही भरवशाची आहे. एकीच्या टोकाला ओली सुती वात बांधतात. कोरडी ३७.५ दाखवत असताना ओली २७ ते २९ अंश दाखवत असेल तर आर्द्रता ४५ ते ५४ टक्के असते. ओली ३२ वर असेल तर ६८ टक्क्यांच्या जवळपास.

पण या सगळ्या आकड्यांपेक्षा खरी साक्ष अंड्याचे वजन देते. कवचावरच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडत जाते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते. १८व्या दिवसापर्यंत सुरुवातीच्या वजनाच्या ११ ते १३ टक्के घट व्हायला हवी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी पुरतो. समजा ४५ ग्रॅमची १२ गावठी अंडी लावली, म्हणजे ५४० ग्रॅम. बारा टक्क्यांच्या हिशेबाने ती ६व्या दिवशी ५१८, १२व्या दिवशी ४९७ आणि १८व्या दिवशी ४७५ ग्रॅमच्या आसपास भरावीत. वजन अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर पाणी कमी करावे, कमी असेल तर वाढवावे. मधल्या तपासणीत वांझ अंडी बाजूला काढली तर त्यांचे सुरुवातीचे वजनही हिशेबातून वजा करावे. ही तपासणी ७व्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, मोबाइलच्या टॉर्चवर अंड्याचे बोथट टोक टेकवून करतात. जिवंत गर्भ असेल तर लाल शिरांचे जाळे आणि हलणारा काळा ठिपका दिसतो. वांझ अंडे आरपार पिवळे दिसते.

अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवतात. विषम संख्येचा आग्रह यासाठी, की रात्रीच्या लांब मुदतीत अंडे रोज त्याच कुशीवर पडून राहू नये. १८व्या दिवशी फिरवणे थांबते, आर्द्रता वाढते आणि झाकण बंद होते. पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालते, मग कवच टोचते. टोचा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास सहज लागतात. या वेळी उत्सुकतेने झाकण उघडले की दमट हवा निसटते, आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो आणि ते तिथेच अडकते. बाहेर आलेली पिल्लेही आत थांबू शकतात. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ती निदान एक दिवस दाण्यापाण्याविना राहतात.

वीज गेली तर पेटी उघडू नये. हिवाळ्यात वरून गोधडी टाकावी, हवेची भोके मोकळी ठेवून. खंड लांबला तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत, अंड्यांना न टेकतील अशा ठेवाव्यात. पहिल्या आठवड्यातली अंडी लवकर थंड होतात, शेवटच्या आठवड्यातली स्वतःच्या उष्णतेवर बराच वेळ टिकतात.

न फुटलेली अंडी २२व्या-२३व्या दिवशी फोडून पाहावीत. पूर्ण वाढलेले पिल्लू ओलसर, सुजलेले आणि हवेची पोकळी लहान असेल तर ओलावा जास्त झाला होता. पापुद्रा कागदासारखा कोरडा व पिल्लाला चिकटलेला असेल तर तो कमी पडला. पहिल्या आठवड्यातच रक्ताचे कडे उमटून गर्भ मेलेला दिसला, तर बहुधा तापमान चढले होते किंवा अंडी लावण्याआधी आठवड्याहून जास्त दिवस साठवलेली होती.