आत जायचं की भोवती फिरायचं? म्यानमारचे स्तूप आणि मंदिरं

म्यानमारला जाऊन आलेल्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पॅगोडे फार झाले हो, शेवटी शेवटी सगळे सारखेच वाटायला लागले." ते सारखे नाहीत. त्यांत अगदी वेगळ्या जातीच्या दोन वास्तू आहेत, एक भरीव आणि एक पोकळ. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन्हींपुढे 'पॅगोडा दर्शन, अर्धा तास' एवढंच छापलेलं असतं. मग त्या अर्ध्या तासात कुणी स्तूपाचं दार शोधत बसतो, तर कुणी मंदिराचा बाहेरूनच फोटो काढून बसमध्ये परततो. हे दुसरं मला जास्त खटकतं, कारण त्यात खरोखर काहीतरी हुकतं.

स्तूप आपल्याला नव्याने सांगायला नको. सांची पाहिलेली असते, कार्ल्या-भाज्याच्या चैत्यगृहातला स्तूपही. नालासोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली खणला, तेव्हा त्याच्या पोटात दगडी करंडक सापडला. स्तूपाचं काम हेच: पवित्र अवशेष पोटात ठेवायचे, वरून भरीव बांधकाम करायचं आणि लोकांनी भोवती प्रदक्षिणा घालायची. यांगूनचा श्वेडगोन याच कुळातला. टेकडीवर सुमारे ९९ मीटर उंच, सोन्याने मढवलेला, आणि परंपरेप्रमाणे आत बुद्धांचे आठ केस. भक्ताला आत जायला वाट नाही.

तरीही "श्वेडगोनच्या आत जाऊन आलो" असं सांगणारे भेटतातच, आणि ते खोटं बोलत नसतात. स्तूपाच्या पायथ्याला चारी बाजूंनी मंडप आणि छोटी देवळं बिलगून आहेत. त्यांत मोठाल्या मूर्ती आहेत, माणसं सतरंजीवर बसून जप करत असतात. तिथे जाऊन आलं की स्तूपाच्या आत गेल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आपण त्याच्या अंगणातच असतो. पण खरा श्वेडगोन त्या अंगणातच आहे. स्तूपाभोवती जन्मवारांची आठ ठाणी आहेत, कारण बुधवारचे सकाळ आणि दुपार असे दोन भाग करतात. प्रत्येक ठाण्याला एक प्राणी ठरलेला: सोमवारी जन्मलेल्याचा वाघ, गुरुवारी जन्मलेल्याचा उंदीर. बायामाणसं आपल्या वाराच्या ठाण्यापाशी थांबतात आणि तिथल्या छोट्या बुद्धमूर्तीवर पेल्यापेल्याने पाणी ओततात. हे बघायला वेळ ठेवा. दार शोधू नका.

मुंबईकरांचा गोंधळ थोडा वेगळा असतो, आणि त्याचं मूळ गोराईत आहे. २००९ साली उद्घाटन झालेला तिथला विपश्यना पॅगोडा बाहेरून थेट श्वेडगोनच्या धर्तीवरचा, पण आतून पूर्ण पोकळ. मधे एकही खांब नाही, आणि सुमारे ८,००० साधक एकाच वेळी ध्यानाला बसू शकतात. तो आधी पाहिलेला माणूस यांगूनला तसंच सभागृह शोधतो. पोकळ स्तूप म्यानमारमध्येही आहेत. यांगूनचाच बोटाटाँग दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा बांधताना आतून पोकळ ठेवला, आणि आज त्याच्या पोटातून चालत जाता येतं. पण हे अपवाद, आणि आधुनिक.

आता मंदिरं. ती बघायची ती बगानला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या विटांच्या हजारो वास्तू तिथल्या कोरड्या माळावर विखुरल्या आहेत. घोळ होतो तो शिखरामुळे. मंदिराच्या माथ्यावर बऱ्याचदा छोटा स्तूप किंवा आपल्यासारखं शिखर चढवलेलं असतं, त्यामुळे लांबून सगळं एकच दिसतं. म्हणून वर बघू नका, खाली बघा. भिंतीत खोल जाणारा दरवाजा, त्यावर उंच टोकदार कमान आणि पुढे काळोख दिसला की ते मंदिर. नुसते एकावर एक चढत जाणारे चौथरे आणि वर घंटेसारखा घुमट असेल तर तो स्तूप. श्वेझिगोन, श्वेसांडो हे स्तूप. आनंद, सुलामणी, धम्मयांजी ही मंदिरं.

आनंद मंदिरात शिरा, म्हणजे फरक अंगाला जाणवतो. ऊन एकदम मागे पडतं. मधे विटांचा भरीव गाभा, भोवती एकात एक असे दोन प्रदक्षिणामार्ग, आणि गाभ्याच्या चारी अंगांना कोनाड्यांत उभे चार बुद्ध, प्रत्येकी नऊ मीटरहून उंच. उंचावरच्या झरोक्यातून उजेड नेमका चेहऱ्यावर पडतो. दक्षिणेकडचा कश्यप बुद्ध लांबून हसरा दिसतो, पायाशी गेलं की गंभीर. पुढे-मागे चालून बघा. हे बाहेरच्या फोटोत येणं शक्य नाही.

आणि मान वर करून छत बघा. बगानच्या गवंड्यांनी विटा कमानीत तिरप्या बसवून एकमेकींवर पेलल्या आहेत. साधारण त्याच काळात, १०६० साली, आपल्याकडे अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं. तिथे छत मिटवलंय ते दगडाचे थर आत आत सरकवत. दोन्ही कामं अव्वल, पण बगानच्या रीतीने जाड भिंतींच्या आतही उंच, मोकळी जागा मिळते. म्हणून तिथे आत फिरायला भरपूर वाव आहे.

लहानसहान फरकांची फार चिंता नको. पादत्राणं आणि मोजे दोन्हीकडे काढायचे, अंगणातसुद्धा. भिख्खू राहतात तो विहार वेगळा. पूर्वी सूर्यास्तासाठी श्वेसांडोच्या चौथऱ्यांवर झुंबड उडायची. २०१६च्या भूकंपानंतर चढण्यावर निर्बंध आले, आणि ते बरंच झालं.

इन्ले तलावावर मात्र या कसोटीचा हट्ट धरू नका. तिथलं फाउंग डॉ ऊ पॅगोडा म्हणून ओळखलं जातं, पण लोक येतात ते दालनातल्या पाच छोट्या मूर्तींसाठी. सोन्याचा वर्ख चढून चढून त्यांचे अक्षरशः गोळे झाले आहेत. वर्ख लावायची मुभा फक्त पुरुषांना, हे मला पटत नाही. जवळच्या इंदेनला दिसतात ते शेकडो पडके स्तूप, दाटीवाटीने उभे. बाजार बघायचा तर दर पाच दिवसांनी गाव बदलणारा बघा, पर्यटकांसाठी मांडलेला नको. अर्थात २०२१च्या लष्करी उठावानंतर पेटलेली यादवी आणि मार्च २०२५च्या भूकंपाने इन्लेकाठी केलेली हानी लक्षात घेऊनच बेत ठरवा.

बगानला एकच सकाळ हाताशी असेल तर आनंदनंतर मिंकाबा गावात जा. तिथे सोनेरी म्याझेदी स्तूप आणि गुब्याउकजी मंदिर शेजारी शेजारी आहेत. क्यानझित्था राजाच्या राजकुमार नावाच्या मुलाचा, प्यू, मोन, बर्मी आणि पाली अशा चार भाषांतला शिलालेख इथलाच. आधी स्तूपाला फेरी घाला, मग मंदिरात शिरा. आत जातककथांची जुनी भित्तिचित्रं आहेत. फोटोला परवानगी नाही आणि उजेड अगदी कमी, तेव्हा टॉर्च न्या आणि भिंतीजवळ सावकाश चाला.